खुर्चीमागची जागा

पौषातला रविवार उजाडला आणि देऊळघाटच्या मळ्यात साहेबाच्या नावानं दरवर्षी होणाऱ्या जेवणाची गडबड सुरू झाली. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजायला पडले होते आणि शंकरराव हातात काठी घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते. रोडगे काही पळून जाणार नव्हते, पण शंकररावांना कशावर तरी पहारा दिल्याशिवाय करमत नसे. चिंचेखाली सतरंज्या पसरल्या होत्या. सतरंज्यांच्या टोकाशी खुर्ची मांडली होती आणि खुर्चीच्या पाठीवर घडी घातलेली शाल होती.

ती खुर्ची साहेबाची, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. साहेबाची खुर्ची वाळवीनं कधीच खाल्ली होती. ही बुलडाण्याच्या बाजारातली, घराच्या आजी अन्नपूर्णाबाई यांच्या नवऱ्यानं घासाघीस करून आणलेली. पण जेवणाच्या दिवशी ती साहेबाचीच असे, आणि तिच्यावर घरातलं सगळ्यांत वडील माणूस सोडून कोणी बसत नसे.

अन्नपूर्णाबाईंची थोरली सून संजीवनी चिंचेच्या पलीकडे वांगी चिरत बसली होती. तिचा नवरा राम गेल्यानंतरचं हे पहिलंच जेवण. सकाळपासून तिला तीन-चार बायांनी "बस की जराशी" म्हटलं होतं आणि तिनं प्रत्येकीला हसून "हाव" म्हणून पुढचं वांगं उचललं होतं. वांगी मळ्यातलीच होती. रोपं तिनं लावली होती, आणि राम अंथरुणाला खिळल्यावर पाणीही तिनंच दिलं होतं. सुरुवातीला गावानं कौतुक केलं, मग सवय झाली, मग विसरलंही.

कुलदीप तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. रामचा हा धाकटा भाऊ बुलडाण्यात भाजीचा व्यापार करायचा. वाईट नव्हता. रामच्या आजारपणात गाडी घेऊन रात्रीबेरात्री धावून आला होता. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट लवकर मार्गी लावायची घाई असायची.

"वयनी, शंकरकाका म्हणून राह्यले का आज मायच्या खुर्चीमांगं मी उभं राहावं."

"बरं."

"तुमाले काही वाटून नाई ना घ्यायचं?"

"मले काय वाटाचं, भाऊजी?"

कुलदीपनं एक देठ उचललं आणि बोटांत फिरवत बसला. "दुसरं मंजे, उंद्रीचा एक माणूस हाय. चांगला हाय, कष्टाळू. वावर बटईनं करतो म्हणे, निम्मं पीक आपल्याले. माय अन् तुमी बुलडाण्याले चला माह्या घरी. दवाखाना जवळ हाय. तुमी तरी किती दिवस एकट्यानं हे वढसान?"

संजीवनीचे विळीवरचे हात थांबले नाहीत. पण तिला पुढचं सगळं दिसलं. मळा दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि आपण बुलडाण्याच्या गॅलरीत कुंडीला पाणी घालत बसणार. नवरा गेला तेव्हा ती मोडली नाही, कारण दुसऱ्या दिवशी मिरचीला पाणी द्यायचं होतं. हे कुलदीपला कसं सांगायचं? तो तर भल्यासाठीच बोलत होता.

"आत्याबाई म्हणतीन तसं," ती म्हणाली.

"माय काय म्हणीन? मांगं उभ्या राह्यणाऱ्यानंच ठरवाचं असते," कुलदीप म्हणाला. ते खरंच होतं.

या घराची ही रीत होती. जेवणाच्या दिवशी वडील माणूस खुर्चीवर जेवायला बसे आणि घरातलं एक जण हातावर शाल घेऊन खुर्चीमागं उभं राही. वडील माणसाचं जेवण होईपर्यंत मागच्यानं बसायचं नाही आणि खायचंही नाही. मागं जो उभा राहिला, त्याच्या शब्दानं पुढं घर आणि शेत चालायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण एवढ्या पिढ्यांत कोणी मोडलंही नव्हतं. अन्नपूर्णाबाई खुर्चीवर आल्या, कारण वयानं त्यांचा नंबर लागला. खुर्चीमागं मात्र बाई कधीच आली नव्हती.

*

जेवणाआधी कहाणी. ती शंकररावांनी सांगायची. अन्नपूर्णाबाईंचे ते धाकटे दीर. आवाज भारदस्त, आणि कहाणीपुरता तो आणखी भारदस्त होई. सगळ्यांनी ज्वारीचे दाणे हातात घेतले. अन्नपूर्णाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्यामागं अजून कोणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे पाहायचं सगळेच टाळत होते. तिथं राम उभा राहायचा, जरा डाव्या पायावर जोर देऊन.

"ऐका साहेबा, तुमची कहाणी," शंकररावांनी सुरुवात केली. "इलायत नावाचं आटपाट नगर होतं. तिथं राणीचं राज्य होतं. राणीच्या खुर्चीमांगं हातरवेल साहेब उभा राहे. साहेब मांगं नसला तं राणीले घास गिळे ना. एक दिवस काय झालं? साहेब राणीवर रुसला. जहाजात बसला अन् थेट आपल्या बुलडाण्याले आला."

कुलदीप ऐकत होता, पण लक्ष कहाणीत नव्हतं. लहानपणी त्याला वाटायचं, साहेब जहाजातून उतरला तो पैनगंगेच्या काठालाच. आज त्याला वाटत होतं, एकदा हे उभं राहणं उरकलं की संध्याकाळी उंद्रीवाल्याशी पक्कं करून टाकू. मायचे गुडघे, वयनीचं एकटेपण, सगळं मार्गी लागेल. मायजवळ आपण कधी नव्हतोच, नेहमी रामदादा. आता आपली पाळी आली तर आपण कमी पडायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"साहेबानं इथं डेरा दिला," शंकरराव पुढं म्हणाले. "आपल्या मूळपुरुषानं, तुळशीरामनं, साहेबाची चाकरी केली. साहेबाले ताप आला तं ज्वारीच्या कण्या खाऊ घालून जगवला. साहेब उठून बसला अन् म्हणे, तुळशीराम, राणीच्या मांगं मी, अन् माह्या मांगं तू. मांगं उभं राह्यणाराच घर चालवते. असा मान साहेबानं देल्ला. तो मान बापाकडून लेकाकडं आला, अन् लेक नसंन तं भावाकडं..."

"भाऊजी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "हे भावाचं नवीनच आयकून राह्यली मी."

पंगतीत खसखस पिकली. शंकरराव लाल झाले. "नवीन कायचं, वयनी? पहिल्यापासून हाय."

"मी या घरात आली तवापासून दर पौषात आयकते. भाऊ नव्हता कहाणीत." त्यांनी मान वळवली. "अनू, तू साहेबाचं पुस्तक वाचलं म्हणत होती ना? त्यात काय हाय? सांग बरं."

रामची मुलगी अनुपमा पुण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होती. ती सतरंजीवर आईशेजारी बसली होती. शंकरराव म्हणाले, "कहाणीच्या मधात पुस्तक नसते आणत, पोरी."

"कहाणी झाली तुमची. भावापाशीच संपली," आजी म्हणाल्या. "सांग तू."

*

अनुपमानं दाणे ओंजळीतून पदरात टाकले. हे तिला आज सांगायचं नव्हतं. बाबा असते तर सांगितलं असतं, खुर्चीमागच्या त्यांच्या मिश्किल हसण्याच्या भरवशावर.

"साहेब रुसला-बिसला नव्हता, आबा," ती शंकररावांना म्हणाली. "घरचा दुसरा मुलगा होता. त्याला जहाजावर जायचं होतं, आरमारात. मोठा भाऊ घोड्यावरून पडून वारला, म्हणून ह्याच्या नावापुढं लॉर्ड लागलं आणि ह्याला राणीच्या तैनातीत पाठवलं. लॉर्ड हॅदरवेल."

"तैनातीत मंजे सरदार," शंकरराव म्हणाले.

"सरदारच. पण काम काय? पाहुणा आला की स्टेशनवर घ्यायला जायचं. कोणाच्या मयताला राणीच्या वतीनं जायचं. तारा लिहायच्या. आणि रात्रीचं जेवण झालं की उभं राहायचं. राणीसमोर कोणी बसायचं नाही, असा तिथला नियमच होता. मोठमोठे लॉर्ड भिंतीला टेकायचीही चोरी, असे उभे असायचे. साहेबाचे पाय सुजायचे. बूट मापापेक्षा मोठे शिवून घ्यायचा."

"बाप्पा!" एक म्हातारी म्हणाली.

"त्याची बायको गावाकडे आजारी होती. हा तैनातीत. सुट्टी मिळाली तेव्हा ती गेलेली होती. त्याच्या पुतणीनं त्याचं चरित्र लिहिलं आहे, ती म्हणते, त्यानंतर काका कधी तक्रार करायचे नाहीत आणि कधी खळखळून हसायचेही नाहीत. एका हिवाळ्यात त्यांना शिकारीचं आमंत्रण आलं म्हणून ते बुलडाण्याला आले. वाघ काही मिळाला नाही. ताप मिळाला."

अनुपमा आजीकडे पाहून बोलत राहिली.

"तुळशीरामनं कण्या खाऊ घातल्या, हे खरं आहे. पुस्तकात आहे. साहेब बरा झाला, तंबूत टेबलावर जेवायला बसला, आणि तुळशीराम त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. साहेबाला उभं राहणं म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. तो म्हणाला, बस. तुळशीराम बसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला, बस. निघेपर्यंत रोज म्हणत राहिला. विलायतेत परत गेल्यावर तो पुतणीला सांगायचा, की आमच्याकडे बस म्हणणारं कोणी नाही, आणि तिकडे मला असा माणूस भेटला की बस म्हटलं तरी बसत नाही."

"मंजे मान देल्लाच नाई?" शंकररावांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम साधा झाला होता.

"त्यानं बसायलाच सांगितलं होतं, आबा. उभं राहायचं आपण घेऊन बसलो."

विस्तवात एक रोडगा फुटून वास सुटला, तरी शंकरराव उठले नाहीत. त्यांना त्या क्षणी रडू येईल की काय असं वाटत होतं. जन्मभर ते ही कहाणी सांगत आले होते आणि त्यांना खुर्चीमागं उभं राहायला कधी मिळालं नव्हतं. निदान तो साहेबानं दिलेला मान होता, एवढं तरी समाधान होतं.

कुलदीप मोकळेपणानं हसला. "मंग सुटलोच आपण! चुकीनंच चालू होतं म्हणा ना. आजपासून कोणी उभं राह्याचं नाई, सगळे मिळून बसू अन् जेवू. वावराचं बी बसूनच ठरवू. उंद्रीवाल्याले म्या परवा याले सांगून ठेवलं हाय."

"परवा बोलावलं? कोणाले इचारून?" शंकरराव त्याच्यावर घसरले. "सकाळी तुले म्या म्हटलं उभा राह्य, तं हाव म्हणे. आता बसतो म्हणते. बसाचंच होतं तं तुह्यासाठी म्या कहाणीत भाऊ कायले घुसवला बे?"

पंगत पुन्हा हसली आणि या खेपेला शंकररावांनाही हसू आवरलं नाही. कबुली तोंडातून निसटली होती. पण संजीवनी हसली नाही. कुलदीपनं किती सहज दोन्ही वाटा बंद केल्या, हे तिच्या लक्षात आलं होतं. उभा राहिला तरी मळा जाणार होता, आणि सगळे बसले तरी जाणार होता.

*

अन्नपूर्णाबाई मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. "अनू," त्यांनी विचारलं, "हे रामले माहीत होतं का?"

"हो आजी. मागच्या पौषाच्या आधीच सांगितलं होतं."

"तरी उभा राह्यला तो?"

"मी म्हटलं, बाबा, तब्येत बरी नाही, आता तर उभं राहायचं कारणही उरलं नाही. तर हसले. म्हणाले, साहेब रोज बस म्हणे अन् तुळशीराम रोज उभा राहे, मंजे त्याची मर्जीच होती ना. माह्यी बी हाय. मले आवडते मायच्या मांगं उभं राह्याले."

अन्नपूर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. राम गेला तेव्हा त्या सगळ्यांसमोर रडल्या नव्हत्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. त्या खंबीर नव्हत्या. त्यांना आतून एकच गोष्ट खात होती. पोराचे पाय दुखत असतील, पोराला दुसरीकडे कुठं जायचं असेल, शिकायचं असेल, आणि आपण या रिकामटेकड्या रीतीपायी त्याला खुर्चीमागं बांधून ठेवला. कोणाला विचारायची सोय नव्हती, आणि ज्याला विचारायचं तो निघून गेला होता. आज त्याचं उत्तर मिळालं. त्या मनसोक्त रडल्या. कोणी त्यांना उगी राहा म्हटलं नाही, हे बरं झालं.

मग त्यांनी नाक पुसलं आणि खुर्चीत सरळ बसल्या.

"मंग आयका. साहेबानं मान देल्ला नाई, बरं झालं. आता मीबी कोणाले देत नाई. कोणाले सांगतबी नाई उभं राह्य म्हणून. ज्याची मर्जी असंन त्यानं राहावं. कोणाची नसंन तं खुर्ची काढा अन् मले सतरंजीवर घ्या."

सगळ्यांच्या नजरा कुलदीपकडे गेल्या. तो हातातल्या ज्वारीच्या दाण्यांकडे पाहत राहिला. खोटं बोलणं सोपं होतं. उठून दोन पावलं टाकली की झालं. पण मर्जी म्हणजे काय, हे आत्ताच रामदादाच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं होतं, आणि तसलं काही आपल्यात नाही हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याला मायचं भलं करायचं होतं. मागं उभं राहायचं नव्हतं.

संजीवनी उठली. हात वांग्याच्या डागांनी काळे झाले होते, ते तिनं लुगड्याला पुसले. खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलून हातावर घेतली आणि ती मागं जाऊन उभी राहिली.

"अवो, बाईमाणसानं..." शंकररावांनी सुरुवात केली.

"खुर्चीवर कोन बसलं हाय, भाऊजी?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

शंकररावांनी पाहिलं. खुर्चीवर कोण बसलंय हे त्यांना आजच कळलं असावं, असा चेहरा झाला त्यांचा. ते काठी उचलून रोडग्यांकडे गेले.

कुलदीप हळूच म्हणाला, "वयनी, उभं राह्यणं मंजे काय, ते माहीत हाय ना? सगळं तुमच्यावर येईन."

"माहीत हाय, भाऊजी," संजीवनी म्हणाली. "सकाळी तुमी इचारलं तवा मी बोलली नाई. आता बोलते. मले वावर सोडाचं नाई. मले इथंच राह्याचं हाय."

एवढं बोलताना तिचा आवाज कापला. सासूला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून तो दिसल्यासारखाच कळला. कुलदीपनं वहिनीकडे पाहिलं. ही बाई आपल्याला सकाळी "बरं" म्हणाली आणि आपण तो होकार समजलो, याची त्याला लाज वाटली. तो उठला, शंकररावांच्या हातून रोडग्याचं ताट घेतलं आणि आईसमोर आणून ठेवलं. वरण घातलं, तूप सोडलं, वांग्याची भाजी वाढली. सगळी पंगत थांबली होती. वडील माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी खायचं नव्हतं.

अन्नपूर्णाबाईंनी रोडगा कुस्करला, पण घास घेतला नाही. मागं न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"संजीवनी, मेथी निंघाल्यावर उन्हाळ्यात काय लावशीन?"

संजीवनीनं हातावरची शाल सावरली. मग ती म्हणाली, "विहिरीजवळ गवार लावीन म्हणते, आत्याबाई. अन् वरच्या तुकड्यात भेंडी."

"लाव," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावून गिळला आणि धाकट्या मुलाकडे पाहिलं. "कुलदीप, जेवण झालं का उंद्रीले फोन कर. आमच्या वावराले माणूस हाय म्हणावं."